दुधाच्या गिलासातला समुद्र

दुपारची वेळ होती. लाइट गेलेली, म्हणून पंखा बंद. पंखा बंद म्हणून सासूबाईंना झोप नाही, नुसत्याच डोळे मिटून पडलेल्या. गल्लीतली कुत्रीसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या ओट्याखाली गपगार. एवढ्या शांततेत स्वयंपाकघरातून आवाज आला, ठक्.

स्टीलचा रिकामा गिलास फरशीवर ठेवल्याचा आवाज.

लहान लेकरू असलेल्या घरात हा आवाज म्हणजे सण. माझी वैशू, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर लागणारी वैष्णवी, दूध पिते तेव्हा आमच्या घरात बाजार भरतो. चिऊचा घोट, काऊचा घोट, पोलिसमामाची भीती, आणि सगळं जमून आलं की शेवटच्या घोटाला ओठाला साय लागते नि पोरगी दोन्ही हात झटकत अंगणात पळते. त्या दिवशी मात्र तिनं कुणी न सांगता, न रडता, साय-बिय न बघता अख्खा गिलास संपवला. ओठांवर पांढरी मिशी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मी सगळं पिले."

मी ओढणीनं मिशी पुसली, "शाणी गं माझी बाय," म्हणाले, गालाचा पापा घेतला. आणि मग माझं लक्ष त्या रिकाम्या गिलासाकडं गेलं. कारण ते दूध प्यायचं नव्हतंच. त्याच्या तळाशी नवऱ्यासाठी आणलेला खडा होता.

साधा खडा नव्हे. दुकानदार त्याला बेरूज म्हणत होता, डबीवर अ‍ॅक्वामरीन असं छापलेलं होतं आणि आमच्या सासूबाई, धुरपताबाई, त्याला 'हरीशचा खडा' म्हणत होत्या. मोठ्या हरभऱ्याएवढा. आत बघितलं तर स्वच्छ पाण्यात कुणीतरी निळ्या-हिरव्या रंगाचं एकच बोट बुडवून काढावं तसा.

आता असलं रत्न सेनगावातल्या एका दुधाच्या गिलासात काय करत होतं, हे सांगायला पाहिजे.

माझा नवरा हरीश जहाजावर फिटर आहे. आमच्या तालुक्यातला माणूस जहाजावर कसा गेला, असं लोक अजून विचारतात. जसे सगळे जातात तसाच गेला, जाहिरात बघून. आमच्याकडं पाणी म्हणजे पूर्णा नदी, फार पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण, आणि त्याच्यापुढचं सगळं पाणी आम्ही भूगोलाच्या पेपरापुरतं पाठ केलेलं. तिकडं समुद्रात त्याचं जहाज आता एका परक्या बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभं आहे. मालक फोन उचलत नाही. बंदरवाले कागद झाल्याशिवाय कुणाला जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. आणि रिकामं जहाज सोडून सगळ्या माणसांनी निघून यायचं नाही, असा कायदा आहे म्हणे. बंद पडलेली मोटार रस्त्याच्या कडेला लावून ड्रायव्हर घरी येऊन जेवतो. जहाजाचं तसं नसतं. तिथं नेट कधी मिळतं, कधी नाही. मी पाठवलेले मेसेज एका करड्या टिकेवर अडकून बसतात आणि मी भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं मोबाइल उघडून ती टीक बघत राहते. नाव माझं प्रतिक्षा. ठेवणाऱ्यांनी इतका पुढचा विचार केला असेल असं वाटत नाही.

शेजारचे ग्यानबाकाका बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. रिटायर झाले, पण अजून त्यांच्या छातीत ती शिट्टी आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सूनबाई, गाडी फेल झाली की आमी काय करायचो? दुसरी गाडी मागवायचो. ह्या गाडीतले पॅसेंजर त्या गाडीत. जहाजाला डेपो न्हाई का?"

मी हसले होते. नंतर हाच प्रश्न मी बऱ्याच मोठ्या मोठ्या लोकांना इंग्रजीत ईमेल करून विचारला. 'आपली तक्रार मिळाली' याच्यापुढं कुणी गेलं नाही. मग हिंगोलीला एका ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी कागद उलटसुलट केला. समुद्राचं टेबल त्यांच्याकडं नव्हतं. "पाण्याचं काम असंल तर पलीकडच्या बिल्डिंगमध्ये विचारा," म्हणाले. पलीकडची बिल्डिंग पाटबंधाऱ्याची. तिथले क्लार्क भले होते, त्यांनी पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हळहळत म्हणाले, "ताई, आमच्याकडं धरणापर्यंतचंच पाणी हाय."

तर अशा घरात खडा शिरायला वेळ लागत नाही.

तो शालूबाईंनी शिरवला. शालूबाई घरच्या घरी साड्या विकतात, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मोबाइलवर जगाचं ज्ञान मिळवतात. एक दिवस त्या पळतच आल्या. "धुरपतामावशी, हे बघा! जहाजावरच्या लोकांचा खडा असतोय म्हणं. पाण्यातल्या माणसाला बुडू देत न्हाई, घराकडं ओढून आणतोय!"

सासूबाई तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच थांबला. हरीश अडकल्यापासून डाळ निवडताना, वाती वळताना, नळाला हंडा लावताना त्या एकच वाक्य म्हणायच्या, "समुंदरानं गिळलं गं माझं लेकरू." वैशूनं एकदा विचारलंही होतं, "आजी, गिळलं म्हंजे?" तर म्हणाल्या, "गिळलं म्हंजे पोटात घेतलं, बाई." आता त्यांनी शालूबाईंच्या हातातला मोबाइल लांब धरला, जवळ धरला. पडद्यावर निळसर-हिरवा एक मणी फिरत होता.

"प्रतिक्षा," त्या म्हणाल्या, "ह्यो तर हरीशनं धाडलेल्या फोटूतलाच रंग हाय."

होताच. जहाज धड होतं तेव्हा हरीशनं समुद्राचा एक फोटो पाठवला होता. उन्हातलं, जमिनीजवळचं पाणी. त्या रंगाला काय म्हणावं यावरून आमच्या ओट्यावर आधीच एक लढाई होऊन गेली होती. सासूबाई म्हणाल्या, रामा कलर. शालूबाईंचा तर धंदाच रंगांचा. त्यांनी डोळे बारीक केले. "न्हाई मावशी, रामा कलर जास्ती हिरवा. ह्यो चिंतामणी. न्हाई, चिंतामणीत बी थोडं दूध टाकावं लागंल." ग्यानबाकाका मोरपंखीवर अडून बसले, कारण त्यांना तेवढं एकच नाव येत होतं. वैशूनं खडूच्या पेटीतला निळा घासला, त्याच्यावर हिरवा घासला, कागद फाटेस्तोवर घासला आणि शेवटी नाव ठेवून टाकलं, 'बाबाचा कलर'. लढाई तिथंच मिटली.

मी बी.एस्सी. झालेली बाई. लग्नाआधी विज्ञान शिकवत होते. बेरूज म्हणजे एक खनिज, त्यात लोहाचा अंश असतो म्हणून तो निळसर दिसतो, त्याचा आणि बंदरातल्या कागदपत्रांचा काही संबंध नाही, हे सगळं मी सासूबाईंना फळ्यावर लिहावं इतकं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं. "बराबर हाय तुझं," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी हिंगोलीला संतोषशेठच्या सराफी दुकानात गेले. का गेले ते मला विचारू नका. ईमेलला उत्तर येत नाही तेव्हा बी.एस्सी.चं सर्टिफिकेट उशाशी घेऊन झोपता येत नाही.

उशावरून आठवलं. आमच्याकडं असा खडा एकदम अंगठीत बसवत नाहीत. आधी पसंतीला घरी आणायचा, ज्याच्यासाठी आणला त्याच्या उशाखाली ठेवायचा, लाभतो का बघायचं. लाभला तर घडवायचा, नाहीतर परत. संतोषशेठनं कापसात गुंडाळून डबी दिली नि म्हणाले, "साहेबांच्या उशाखाली ठेवा वहिनी. सपनं चांगली पडली की फोन करा."

साहेबांची उशी घरात होती. साहेब नव्हते. मी डबी त्या उशीखाली सारली. आता त्या उशीवर वैशू झोपते, बाबाचा वास येतो म्हणून. मी अभ्रा कधीचा धुतला आहे, पण तिला सांगितलं नाही. सकाळी सासूबाईंनी तिला विचारलं, "काय सपान पडलं?" वैशू विचार करून म्हणाली, "बकरी." बकरी शुभ की अशुभ, यावर ओट्यावर एकमत झालं नाही.

मग खडा खरा की खोटा, ही शंका निघाली. ती निघणारच होती. आमच्या गल्लीत पाहुणासुद्धा पारखल्याशिवाय आत घेत नाहीत. सासूबाईंची तक्रार अशी की खडा फारच फिका आहे. "हे तर नुसतं पाणी हाय! पाण्याला पैसे देऊन राह्यली का काय?" शालूबाईंनी ब्लाउजपीसचा गठ्ठा आणून एकेका तुकड्यावर खडा ठेवून बघितला. पिवळ्यावर तो हिरवा झाला, जांभळ्यावर निळा झाला, पांढऱ्यावर गायबच झाला. "ह्याला सोताचा रंगच न्हाई, मावशी. जिथं बसला तिथला." ग्यानबाकाकांनी एक डोळा मिटून तो सूर्याकडं धरला आणि गाडीचा आरसा तपासावा तसा तपासून म्हणाले, "आत रेघ हाय. खरा असंल. खोट्या मालात रेघ नसती."

शेवटी सासूबाईंनी निकाल दिला की दुधात टाका. खरा खडा दुधात पडला की दूध निळं दिसतं, असं त्यांच्या माहेरी सगळ्यांना माहीत होतं. यात एकच अडचण होती. आमच्या रतिबाचं दूध खडा न टाकताच निळसर असतं, त्यात हापशाचा मोठा वाटा असतो. म्हणून ग्यानबाकाका स्वतः गाडीवर तांड्याला जाऊन वसरामच्या म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आले. दूध तापवलं, निववलं, गिलासात ओतलं, सासूबाईंनी देवाचं नाव घेऊन खडा सोडला. आम्ही चौघंही गिलासावर वाकलो. दूध पांढरंच होतं.

"टाइम लागतोय," काका म्हणाले. "लगीच कुठं? कलर सुटायला टाइम द्या."

गिलासावर ताटली झाकून सगळे जेवायला आपापल्या घरी गेले. आणि मग, ठक्.

(इथं मला लिहिणं सोडावं लागलं होतं. वैशू जागी झाली. तिला झोपेतून उठल्यावर माझ्या मांडीवर थोडा वेळ नुसतं पडून राहायचं असतं, काही बोलायचं नसतं. तिच्या केसांना धुळीचा आणि खोबरेल तेलाचा वास येतो. असा वास कुठल्या डबीत भरून जहाजावर पाठवता येत असता, तर मी रत्नांच्या नादी लागले नसते.)

तर मी वैशूला जवळ घेऊन शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "बाळा, दुधात काही होतं का गं?"

"व्हय. गुळगुळीत होतं."

"थुकलं नाहीस?"

"न्हाई. गिळलं."

"काहून गिळलं गं?"

वैशूनं तोंड घट्ट मिटून घेतलं. खडा अजून तोंडातच असल्यासारखं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, चॉकलेट दाखवलं, डोळे वटारले. नाहीच बोलली. बापाची लेक आहे. त्यालाही महत्त्वाचं तेवढं सांगता येत नाही.

तोवर सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी गिलास उपडा करून हलवला, त्यात बोट फिरवलं आणि मग असा काही सूर लावला की अख्खी गल्ली जेवण टाकून आमच्या ओट्यावर. सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. शालूबाई म्हणाल्या, एरंडेल पाजा. पलीकडच्या कमलबाई म्हणाल्या, केळी चारा, केळीत गुंडाळून निघतं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट काढा. काकांनी सगळ्यांना गप्प केलं. "बसवू नका तिला. खाचखळग्याच्या रोडनं न्या. आमच्या डोंगरकड्याच्या एसटीत बसवलं असतं तर गावात पोचायच्या आधी निघाला असता." वैशू मधोमध उभी राहून सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होती. इतकी माणसं आपल्यासाठी जमली आहेत, याचं तिला भारी वाटत होतं.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, तिला हसवलं, मला एक्स-रे लिहून दिला. एक्स-रे सरकारी दवाखान्यात. तिथं खिडकीतल्या दादांनी कॉम्प्युटरवर नाव घातलं आणि विचारलं, "काय गिळलं?"

"रत्न."

दादांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, इथं नाणं हाय, बटण हाय, सेल हाय. रत्न न्हाई. 'इतर' टाकू का?"

"टाका," मी म्हणाले. आमचं सगळंच सध्या 'इतर'मध्ये आहे.

"वडलांचं नाव?" सांगितलं. "वडील कुठं असतेत?"

दिवसभराची धावपळ, कडेवर पोरगी, मागं डोळ्याला पदर लावलेल्या सासूबाई. माझ्या तोंडातून निघून गेलं, "समुद्रात."

दादांचे हात थांबले. त्यांनी चष्मा काढला. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वारले का हो?"

मी "नाही" म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली आणि वैशूनं माझ्या गळ्याला मिठी मारली. दादांनी बिचाऱ्यांनी चष्मा परत लावला. "न्हाई तर न्हाई. मंग जहाजावर हायत असं म्हणावं ना, ताई," म्हणाले आणि पुढचं काही न विचारता कागद छापून दिला. रांगेतल्या एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही. घ्यायला पाहिजे होती, घसा कोरडा पडला होता.

एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडाच्या पाटीवर लावला. इवल्याशा फासळ्या, माझ्याच पोटात तयार झालेल्या, पण मी कधी न बघितलेल्या. आणि त्यांच्या खाली, काळ्याशार पोटात, टिकलीएवढा एक ठिपका. अंधाऱ्या पाण्यात लांबवर उभ्या असलेल्या जहाजाचा दिवा दिसावा तसा. माझे डोळे भरून आले.

मागून सासूबाई वाकून बघत होत्या. "रंग दिसंना की हो, डॉक्टर. निळा हाय का हिरवा?"

"आजी, एक्स-रेत रंग नसतो."

"मंग खरा हाय का खोटा कसं कळायचं?"

डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, गुळगुळीत आहे, एक-दोन दिवसांत आपोआप निघेल. साधं जेवण द्या, केळी द्या आणि लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा, हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. आम्ही जुनं घमेलं काढलं, लिंबाची काडी तोडून आणली, आणि बी.एस्सी.ची पदवी जिला मिळाली होती ती बाई सकाळ-संध्याकाळ त्या काडीनं संशोधन करायला बसू लागली. त्यातही एकांत नव्हता. रस्त्यानं जाणारा जो तो, सायकल न थांबवता विचारायचा, "निघाला का?" बालवाडीच्या बाईंनी निरोप पाठवला की निघाल्यावर कळवा. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी जास्तीची घातली, "लेकरासाठी," म्हणाली. नवरा अडकल्यावर ज्या गल्लीला काय बोलावं ते कळत नव्हतं, तिला आता माझ्याशी बोलायला विषय मिळाला होता. म्हणून मी काही म्हणाले नाही. काडी घेऊन खाली मान घालून बसले.

संतोषशेठचा फोन आला, "वहिनी, खडा लाभला का?" काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "शेठ, लाभला म्हंजे काय! उशाखाली न्हाई, डायरेक पोटात ठेवलाय. रक्ताचं नातं हाय. आता तुमी घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइल उघडला आणि किंचाळले. हरीशला पाठवलेल्या मेसेजच्या करड्या टिकेशेजारी दुसरी टीक आली होती. उत्तर नव्हतं. नुसती टीक. पण टीक होती. तिकडं त्याच्या हातातला मोबाइल कुठंतरी, क्षणभर का होईना, जिवंत झाला होता.

सासूबाईंना टिकेचा अर्थ समजावून सांगितला. त्या उठल्या, आणि टोपलीतली सगळी केळी पदराखाली घेऊन शालूबाईंच्या घरी ठेवून आल्या.

"आत्याबाई, हे काय?"

"खडा काम करून राह्यला, पोरी. लेकराच्या पोटात गेला नि तिकडं टीक आली. तुला कळंना का? हरीश येस्तोवर निघू देऊ नको."

"अहो, लेकराच्या पोटात दगड आहे!"

"दगड न्हाई. तिच्या बापाचा खडा हाय. हरभऱ्याएवढं काय जड होतंय?"

यानंतर आमच्या घरात जे युद्ध झालं त्याला इतिहासात तोड नसेल. मी चोरून केळी आणायची, सासूबाईंनी लपवायची. मी पालक शिजवला की त्या भात वाढायच्या. मी पाणी पाजलं की त्या वैशूला मांडीवर घेऊन निजवायच्या, पोट हलायला नको म्हणून. आणि सांगायचं नव्हतं, पण सांगते. एकदा केळं सोलताना माझाही हात थांबला. त्या टिकेकडं बघितलं, वैशूच्या गोल पोटाकडं बघितलं आणि मनात आलं, राहू दे का अजून एक दिवस? राहू दे का? मग मला माझीच इतकी भीती वाटली की मी ते केळं वैशूला घास घास करून भरवलं आणि तिच्याबरोबर रडत रडत अर्धं मीही खाल्लं.

तिसऱ्या सकाळी खडा निघाला.

घमेल्यात बारीक असा टिण् आवाज झाला. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही, पण त्याचं वर्णन करणार नाही. गरम पाण्यानं धुतला, हळदीनं धुतला, साबणानं धुतला, पुन्हा गरम पाण्यानं धुतला. होता तसाच होता. एवढा प्रवास करून आला, पण रंगाला धक्का नाही. कमलबाईंनी पेढे वाटले. सासूबाई एकट्याच तोंड पाडून बसल्या. आता विटाळलेला खडा देवापुढं कसा ठेवायचा, हा त्यांचा पुढचा प्रश्न. काकांनी औंढ्याच्या एका ओळखीच्या गुरुजींना फोन लावून सगळी हकीकत सांगितली. मग गुरुजी म्हणाले, "लेकराच्या पोटातून आलेलं कशानं विटाळतंय? बसवा अंगठीत." फोन ठेवताना ते हसत होते असा मला संशय आहे.

माप म्हणून हरीशची साखरपुड्याची अंगठी दिली. जाताना तो ती माझ्याकडं ठेवून गेला होता, मशीनमध्ये अडकते म्हणून. संतोषशेठनं त्या मापाची चांदीची अंगठी घडवली, खडा बसवला, पैसे न मागता पुडी हातात दिली आणि म्हणाले, "साहेब आले की बघू." अंगठी देवघरात तांदळाच्या वाटीत ठेवली. आपण कुणासाठी आहोत हे ठाऊक असल्यासारखी ती तिथं चमकत राहिली.

काल संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला फोन वाजला. हरीश! व्हिडिओ होता, तुटत तुटत येत होता. दाढी वाढलेली. मागं लोखंडाची भिंत आणि वारा. मी विचारायचं ठरवलेलं सगळं विसरले आणि खड्याची गोष्टच सांगत सुटले. दूध, घमेलं, काका, रक्ताचं नातं. हरीश हसला. इतका हसला की त्याला खोकला लागला. त्याला हसताना मी शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नव्हतं. मी मनातल्या मनात त्या घमेल्याला हात जोडले.

"बाबा, समुद्र दाव," वैशू म्हणाली.

त्यानं मोबाइल फिरवला. करडं पाणी, वर करडं आभाळ. मध्ये कुठं संपतं नि कुठं सुरू होतं, कळत नव्हतं.

"कलर कुठाय?"

"ऊन न्हाई ना आज, बाळा. कलर उनाचा असतोय."

सासूबाईंनी मला बाजूला सारून तोंड पुढं केलं. हातात वाटी. "हरीश, तुझ्यासाठी अंगठी केलीय रे. हात दाव बरं, कोणत्या बोटात बसती बघू दे."

त्यानं हात वर केला. त्या हाताला हरीशचा हात म्हणायला मला क्षणभर जड गेलं. बोटं वाळून नुसती हाडं राहिली होती. आमची अंगठी त्याच्या दोन बोटांत मिळून बसली असती.

"बसंल की माय," तो म्हणाला. "जेवण-खाणं बराबर हाय इथं. तकलीफ न्हाई. बोलणं चालू हाय, म्हणतेत की लवकरच..."

तिथंच चित्र थांबलं. त्याचं तोंड अर्धवट उघडं, हात वर केलेला. मग तेही गेलं. सासूबाई वाटीतले तांदूळ चाळवत बसल्या. अंगठी तांदळात खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मी दिव्याची वात सारखी केली. ती सारखीच होती.

वैशू माझ्या मांडीवर येऊन बसली. तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला, मग वाटीकडं बघितलं, मग काळ्या पडलेल्या मोबाइलकडं. इतके दिवस घट्ट मिटून ठेवलेलं तोंड उघडलं.

"आई, समुद्रानं बाबाला गिळलं म्हणून मी समुद्राचा खडा गिळला होता. तरी मी परत दिला ना? मंग समुद्र बाबाला काहून देऊन न्हाई राह्यला?"